बंदराची सुरक्षितता व ड्रोनचे नियम : व्यापाऱ्यांसाठी एक अभ्यास

स्मरणिकेसाठी व्यापारविषयक अभ्यासपर लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा आम्ही धान्याची साठवणूक, अडत किंवा बाजारभाव यांपैकी एखादा नेहमीचा विषय घेऊ, असे पुष्कळांस वाटले असेल. आम्ही मुद्दाम बंदराचा विषय घेतला आहे. आपल्या सभासदांची दुकाने घाटावर असली, तरी त्यांच्या मालाची वाट पुष्कळदा समुद्राकडे जाते किंवा समुद्राकडून येते. मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग १८८८ मध्ये पुरा झाला आणि लोंढ्यावरून बेळगाव-हुबळीचा मुलूख मुरगाव बंदरास जोडला गेला. तेव्हापासून बंदरावर काय घडते, याचा परिणाम आमच्या पेढीच्या वहीत उमटत आला आहे.

दुसरे कारण अगदी अलीकडचे आहे. वैमानिकावाचून उडणारे ड्रोन नावाचे यंत्र आता घरोघरी आले आहे. लग्नाचे चित्रण, गोदामाची जाहिरात, शेतावरील फवारणी, सगळीकडे त्याचा संचार आहे. आमच्या तरुण मंडळींस वाटते की, जमीन कोणाच्या तरी मालकीची असेल, पण आकाश कोणाच्या बापाचे? ही समजूत किती चुकीची व किती महाग पडणारी आहे, हे दाखवावे हा या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक सूत्र सांगून ठेवतो. बंदराचे नियम शेकडो आहेत, परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एकच मागणी आहे : आत येणारी प्रत्येक वस्तू कोणाची, कोणती व कशासाठी आली, हे आधी आणि खरे सांगा. पोते असो, पिंप असो, माणूस असो की ड्रोन असो, सूत्र हेच.

१. दोन शब्दांतील भेद

सुरक्षितता आणि सुरक्षा हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. बंदराच्या व्यवहारात ते निराळे आहेत. सुरक्षितता म्हणजे अपघातापासून बचाव. आग, विषारी वायू, क्रेनवरून निसटलेला बोजा, तळघरात गुदमरलेला हमाल, हा सर्व तिचा प्रांत. सुरक्षा म्हणजे दुष्ट हेतूपासून बचाव. चोर, तस्कर, घातपाती हे तिचे विषय. पहिलीत निष्काळजीपणाशी झुंज असते, दुसरीत कपटाशी. परंतु दोहोंचे हत्यार एकच, ते म्हणजे खरी माहिती. ती नसेल तर अग्निशामक दलाचा अधिकारी आणि पहारेकरी दोघेही आंधळे होतात.

२. मुंबईची गोदी, १९४४

आपल्या देशातील बंदरांच्या इतिहासात १४ एप्रिल १९४४ हा दिवस कोणीही विसरू नये. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. इंग्लंडातील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे ते दोन दिवसांपूर्वी मुंबईस आले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती. त्याच पोटात कराचीस कापसाच्या गाठी चढवल्या होत्या, तेलाची पिंपे होती आणि सोन्याच्या विटाही होत्या. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून जे लाल निशाण लावावयाचे, ते जहाजावर नव्हते.

दुपारी जहाजाच्या पोटातून धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा झाला. जहाज जागीच बुडवावे की ओढून समुद्रात न्यावे, याचा निर्णय मात्र वेळेत झाला नाही. तेथे अधिकारी अनेक होते, आज्ञा देणारा एक नव्हता. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाने दुसरा. जहाजाच्या ठिकऱ्या झाल्या, शेजारची जहाजे फुटली, गोदामे पेटली, गोदामांतील धान्याचे मोठे साठे भस्मसात झाले. मृतांचे आकडे ८०० ते १,३०० असे निरनिराळे दिले जातात. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

यातून व्यापाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. एक, कापूस व बारूद या दोन्ही वस्तू आपापल्या जागी निर्दोष असतात, शेजार चुकला की घात होतो. दुसरी, संकटसमयी कोणाची आज्ञा चालावयाची, हे संकटापूर्वी ठरलेले असले पाहिजे. आजच्या बंदर-नियमांतील पुष्कळशी कलमे या दोन धड्यांतून निघाली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ती जाचक वाटत नाहीत.

३. बैरूतची कोठारे, २०२०

दुसरे उदाहरण लेबनॉन देशातील बैरूत बंदराचे. आम्ही धान्याचे व्यापारी असल्यामुळे ते आमच्या मनास विशेष लागले.

२०१३ मध्ये 'ऱ्होसस' नावाचे जहाज २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन बैरूतला आले व तेथेच अडकले. माल उतरवून बाराव्या क्रमांकाच्या गोदामात टाकण्यात आला. तेथे तो सहा वर्षे पडून राहिला. मध्यंतरी जकात अधिकाऱ्यांनी पत्रे लिहिली, कागद इकडून तिकडे गेले, माल मात्र हलला नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्या गोदामास आग लागली आणि स्फोट झाला. २०० हून अधिक माणसे मेली व सुमारे तीन लाख लोक बेघर झाले.

त्या गोदामालगत धान्याची ४८ मीटर उंचीची सिमेंट-काँक्रीटची कोठारे उभी होती. त्यांत १,२०,००० टन धान्य मावत असे, आणि देशाच्या धान्यसाठ्याचा बहुतेक भाग तेथेच राहत असे. स्फोटाचा पहिला तडाखा त्या कोठारांनी अंगावर घेतला, आणि त्यांच्या आडोशामुळे शहराची पश्चिम बाजू पुष्कळशी वाचली. धान्याने शहर राखले, परंतु शहराचे धान्य गेले. पुढे कोठारांत अडकून राहिलेले धान्य कुजून आंबले, उन्हाळ्यात तापले, जुलै २०२२ मध्ये पेटले, आणि उत्तरेकडील कोठारे ढासळली.

बैरूतची बातमी येताच आपल्या देशातही शोधाशोध झाली. चेन्नईजवळ मनाली येथील कंटेनर गोदामात जकात खात्याने २०१५ मध्ये जप्त केलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट पडून असल्याचे उघड झाले. ऑगस्ट २०२० मध्येच ते हैदराबादकडे रवाना करण्यात आले. जप्तीचा, वादाचा किंवा बेवारस माल हा गोदामातील सर्वांत धोकादायक माल होय, कारण त्याच्याकडे पाहणारा धनी नसतो. ही गोष्ट बंदरास लागू आहे, तशी आपल्या बाजारातील वखारीसही आहे.

४. धोक्याचा माल आणि आपला माल

समुद्रमार्गे जाणाऱ्या धोक्याच्या मालाचे आंतरराष्ट्रीय नियमांत नऊ वर्ग पाडले आहेत : स्फोटके, वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन, प्राणवायू पुरवून आग भडकवणारे पदार्थ, विषे, किरणोत्सर्गी पदार्थ, दाहक रसायने आणि नववा संकीर्ण. प्रत्येक पदार्थास ठरलेला क्रमांक व प्रत्येक वर्गास ठरलेली खूणचिठ्ठी असते. कोणता वर्ग कोणाच्या शेजारी ठेवू नये, याचे कोष्टक असते.

आपण धान्यवाले, आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. तेलबियांची पेंड चौथ्या वर्गात येऊ शकते, कारण तेलाचा व पाण्याचा अंश जास्त राहिला की ती आपोआप तापते. गंजीच्या मध्यभागी हात घालून पाहणाऱ्या जुन्या गुमास्त्यास हे पुस्तकावाचून ठाऊक होते. धान्यास कीड लागू नये म्हणून ज्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या आपण ठेवतो, त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. धुरी दिलेल्या जहाजाच्या किंवा कंटेनरच्या दारावर तशी पाटी नसेल, तर आत शिरणारा हमाल बाहेर येईलच याची शाश्वती नाही. धान्याची धूळही निरुपद्रवी नव्हे. बंद जागेत ती दाट पसरली आणि ठिणगी पडली, तर ती बारुदासारखी उडते. २० ऑगस्ट १९९७ रोजी फ्रान्समधील ब्लाय येथील धान्यकोठारात असाच स्फोट होऊन ११ जण दगावले.

आणखी एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या ड्रोनविषयी पुढे लिहावयाचे आहे, त्याची लिथियमची बॅटरी धोक्याच्या मालाच्या नवव्या वर्गात मोडते. म्हणजे उडण्यापूर्वी खोक्यात बंद असतानादेखील ते यंत्र जाहीर करण्याजोगा माल असते.

भाडे वाचावे किंवा तपासणी टळावी म्हणून कागदावर दुसरेच नाव लिहिण्याची वृत्ती काही ठिकाणी आढळते. वजनातील लबाडीने गिऱ्हाईक नाडले जाते. नावातील लबाडीने माणसे मरतात, हा फरक विसरू नये.

५. दरवाजाची राखण

आता सुरक्षेकडे वळू. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरील हल्ल्यानंतर जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता तयार झाली. डिसेंबर २००२ मध्ये ती संमत झाली व १ जुलै २००४ पासून अमलात आली. तिच्यानुसार प्रत्येक जहाजावर, प्रत्येक जहाज कंपनीत व प्रत्येक बंदर-सुविधेत सुरक्षेसाठी जबाबदार असा एक नेमलेला अधिकारी असतो आणि लेखी आराखडा असतो. १९४४ मध्ये जी उणीव भोवली, आज्ञा देणारा एक नसण्याची, ती येथे भरून काढली आहे.

या संहितेत सुरक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली नेहमीची. धोका वाढल्यावर दुसरी. संकट अगदी दाराशी आल्यावर तिसरी. पायरी चढली की ओळखपत्रांची तपासणी वाढते, मालमोटारींची रांग लांबते, प्रसंगी काम थांबते. घाटावर बसलेल्या व्यापाऱ्यास त्याचे कारण कळत नाही. त्यास फक्त डेमरेजचे बिल दिसते. परंतु नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे लोक समुद्रमार्गेच आले होते, 'कुबेर' ही मासेमारीची भारतीय नौका बळकावून आले होते, आणि त्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले, हे आठवले म्हणजे रांगेत गेलेले दोन तास जड वाटू नयेत. ओळखीच्या रूपात अनोळखी आत शिरला, हाच त्या घटनेचा बोध आहे.

६. आकाशाची राखण

जमिनीकडून कुंपण झाले, पाण्याकडून गस्त झाली. राहिले आकाश. ड्रोनमुळे ही तिसरी बाजू उघडी पडली.

हा धोका कल्पनेतला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळील गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वार्तांमुळे सुमारे १,००० उड्डाणे विस्कळीत झाली आणि १,४०,००० प्रवासी अडकले. उडवणारा शेवटपर्यंत सापडला नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मू येथील हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. २३ डिसेंबर २०२३ रोजी सौदी अरेबियाहून मंगळूरकडे खनिज तेल घेऊन येणाऱ्या 'केम प्लूटो' या जहाजावर अरबी समुद्रात ड्रोन आदळला. आणि धान्याच्या व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, २ ऑगस्ट २०२३ रोजी युक्रेनच्या डॅन्यूब नदीवरील इझमाईल बंदरावर ड्रोनहल्ला झाला. त्यात जवळजवळ ४०,००० टन धान्याचे नुकसान झाल्याचे त्या देशाच्या मंत्र्यांनी जाहीर केले. पूर्वी धान्याची कोठारे उंदीर, ओल व आग यांपासून राखावी लागत. आता वरही पाहावे लागते.

आपल्या देशात ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियमावली जारी झाली. त्यातील मुख्य गोष्टी येथे सोप्या करून देतो.

वजनावरून पाच प्रकार केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत सूक्ष्म, २५ किलोपर्यंत लहान, १५० किलोपर्यंत मध्यम व त्यापुढील मोठा. नियमांनी सूट दिली नसेल तर ड्रोनची सरकारकडे नोंदणी करून त्याचा ओळख-क्रमांक घ्यावा लागतो. चालकाचे वय १८ ते ६५ असावे, तो दहावी उत्तीर्ण असावा आणि मान्य संस्थेत शिकून त्याने प्रमाणपत्र मिळवावे. शिक्षणाची अट आम्ही मॅट्रिकवाले पुरी करतो. वयाची मर्यादा मात्र हाकेच्या अंतरावर आली आहे! नॅनो ड्रोनसाठी, तसेच धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म ड्रोनसाठी, हे प्रमाणपत्र लागत नाही.

आकाशाचे तीन रंग केले आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवण्यास वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या क्षेत्रात विमान-नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उडवता येत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवे क्षेत्र फक्त २०० फुटांपर्यंत असते. ८ किलोमीटरच्या आत ते मुळीच नसते. याखेरीज पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी निकड पडल्यास एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतो. म्हणून उड्डाणापूर्वी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर नकाशा व सूचना पाहणे चालकावर बंधनकारक आहे. काल हिरवे होते, ही सबब आज चालत नाही.

ड्रोनवरून धोक्याचा माल नेण्यास मोकळीक नाही. माणसे घेऊन जाणाऱ्या विमानास नेहमी वाट द्यावयाची. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत कळवावयाचे. नॅनो वगळता इतरांस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा हवा. नियमभंगास या नियमावलीत एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला, आणि इतर कायद्यांखालील शिक्षा त्याहून वेगळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवरही बंदी घालण्यात आली. परदेशी असलेल्या आप्तांनी मुलांसाठी भेट म्हणून तो सामानात आणण्यापूर्वी याची चौकशी करावी.

आता हे मुरगावास लावून पाहू. गेल्या वर्षी एका तरुण सभासदाने आम्हांस विचारले, "काका, आमच्या मालाचे जहाज मुरगावास लागणार आहे. वरून चित्रण केले तर पेढीच्या जाहिरातीस उपयोगी पडेल. यंत्र पावकिलोचेही नाही. मग परवानगी कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो पुष्कळांच्या मनात असेल, म्हणून उत्तर येथे देतो. मुरगाव बंदराच्या अगदी जवळ दाबोळीचा विमानतळ आहे, आणि तोच नौदलाचा 'आयएनएस हंसा' हा हवाई तळ आहे. तेव्हा हा मुलूख हिरव्या क्षेत्रात येऊच शकत नाही. यंत्र हलके म्हणून चालकाच्या प्रमाणपत्राची सूट मिळते, क्षेत्राच्या परवानगीची नव्हे. शिवाय आकाशाची परवानगी मिळाली, तरी ज्या धक्क्यावरून यंत्र उडवावयाचे, तो धक्का बंदर प्राधिकरणाचा आहे. तेथे त्यांची वेगळी संमती हवी. खाली कोणता माल आहे, कोठे वायू आहे, कोठे धुरी चालू आहे, हे वरून उडवणाऱ्यास दिसत नाही. तापलेली लिथियमची बॅटरी कोळशाच्या ढिगावर किंवा तेलाच्या नळावर पडली, तर ती पावकिलोची होती या वस्तुस्थितीने कोणाचे समाधान होणार नाही. आणि पहारेकऱ्यास तरी कसे कळावे की, वर घिरट्या घालणारे यंत्र आपल्या पेढीच्या जाहिरातीसाठी आहे, घातपातासाठी नाही? न सांगता आलेला ड्रोन आणि न सांगता आलेले पिंप यांत त्याच्या दृष्टीने काहीच अंतर नाही.

त्या तरुणाने पुढे बंदरात रीतसर काम करणाऱ्या छायाचित्रकाराची चौकशी केली व जमिनीवरून चित्रे घेतली. ती उत्तम निघाली.

७. आपले कर्तव्य

हा सर्व ऊहापोह व्यवहारात उतरावा म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक पेढीने लिहून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

(१) मालाचे नाव, वजन, ओलाव्याचे प्रमाण व धुरीची तारीख कागदावर खरी लिहावी. शंका असल्यास क्लिअरिंग एजंटास आधी विचारावे.

(२) पेंड व तत्सम माल पुरता थंड झाल्यावरच भरावा. धुरी दिलेल्या कंटेनरवर ठळक पाटी लावावी आणि वायू निघून गेल्याची खात्री झाल्याविना हमालास आत पाठवू नये. तो आपल्या भरवशावर आत जातो.

(३) वादात किंवा जप्तीत अडकलेल्या मालाची पेढीत स्वतंत्र नोंद ठेवावी व त्याचा पाठपुरावा सोडू नये.

(४) बंदरावर जाणाऱ्या मुनिमाजवळ व मोटार चालकाजवळ योग्य ओळखपत्र असावे. दुसऱ्याच्या पासावर कोणासही पाठवू नये.

(५) घरात ड्रोन असल्यास तो कोणत्या वजनाचा, नोंदलेला की नाही व कोण उडवतो, हे कर्त्या माणसाने जाणून घ्यावे. चित्रणाचे काम बाहेर दिल्यास चालकाचे प्रमाणपत्र व त्या दिवसाची परवानगी पाहूनच आगाऊ रक्कम द्यावी.

(६) बंदर, विमानतळ व लष्करी ठाणी यांच्या आसपास परवानगीवाचून ड्रोन उडवू नये. कोणी उडवताना दिसल्यास पहाऱ्यावरील जवानास कळवावे.

नियम पाळल्याने धंदा मंदावतो, असे म्हणणारे भेटतात. आमचा अनुभव उलट आहे. ज्या पेढीचा कागद खरा, तिची गाडी दारात कमी थांबते, आणि तिच्या शब्दावर दुसरा व्यापारी न पाहता माल भरतो. वाडवडिलांनी आपणांस जी पत मिळवून दिली, ती याच खरेपणावर उभी होती. त्यांच्या काळी तो तागडीपुरता पुरे होता. आता तो जहाजाच्या पोटात आणि डोक्यावरच्या आकाशातही पाळावयाचा आहे. आपल्या तरुण पिढीस हे काम कठीण जाऊ नये. त्यांनी हे नियम एकदा नीट वाचावेत व आम्हां वृद्धांसही समजावून सांगावेत. इत्यलम्.